उलटा सिनेमा, सुलटा हिशेब



कापसाचा भाव, कर्ज आणि विजेचे बिल हे विषय बाजूला ठेवून या अंकात सिनेमावर लिहायला घेतले आहे. काही कार्यकर्त्यांच्या भुवया वर जातील. पण ज्या सिनेमांबद्दल बोलायचे आहे ते तीन तासांचे नाहीत. कुणी सात मिनिटांचा, कुणी पंधरा मिनिटांचा. त्यांच्यातल्या बहुतेकांची कल्पना एकच आहे. बाईच्या जागी गडीमाणूस ठेवायचा, गड्याच्या जागी बाई ठेवायची, बाकीचे जग जसेच्या तसे राहू द्यायचे आणि मग काय दिसते ते बघायचे.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या सभांमधून चाळीस वर्षांहून अधिक काळ ती वापरली गेली आहे. शेतकरी कापूस विकायला जातो तेव्हा विचारतो, ‘काय भाव देता?’ आणि खताचे पोते आणायला जातो तेव्हा विचारतो, ‘काय भाव घेता?’ देताना भाव दुसऱ्याच्या तोंडी, घेतानाही दुसऱ्याच्याच तोंडी. हे बापजाद्यांपासून चालले होते आणि त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतही नव्हते. मग वक्ता ते उलटे करून दाखवी. समजा, कापड गिरणीचा मालक तागे गाडीत घालून तुमच्या खळ्यावर आला आहे. रात्रभर थंडीत रांगेला थांबला आहे. सकाळी तुम्ही चहा घेऊन सावकाश येता, ताग्याचे टोक चिमटीत धरता, नाक मुरडता, ‘ओल जास्त आहे’ म्हणता, हमाली कापता, तोलाई कापता आणि पैसे पुढच्या पंधरवड्यात न्या म्हणून सांगता. सभेत हशा उसळे. हशा ओसरला की लोक गप्प होत. रोज डोळ्यांपुढे होते ते पहिल्यांदा दिसलेले असे.

तेव्हा उलटे करून दाखवणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. प्रश्न एवढाच आहे की जो शेतकरी गिरणीमालकाच्या गोष्टीवर टाळ्या वाजवतो, त्याच्या घरात तीच गोष्ट उलटी करून दाखवली तर तो टाळ्या वाजवेल का?

या जातीचा एक अगदी सुरुवातीचा सिनेमा 1906 सालचा आहे. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून सात वर्षे होती. फ्रान्समध्ये गोमाँ नावाची कंपनी होती. तिथे अलिस गी ही मुलगी मालकाची सेक्रेटरी म्हणून नोकरीला लागली आणि 1896 पासून स्वतः चित्रे तयार करू लागली. जगातल्या पहिल्या दिग्दर्शकांमध्ये तिची गणना होते. तिने हा सात-एक मिनिटांचा मुका सिनेमा काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्त्रीवादाचे परिणाम’. पुरुष बसून टोप्यांना फुले लावताहेत, शिवताहेत, इस्त्री करताहेत, पोरे सांभाळताहेत. बाया गुत्त्यात पाय पसरून बसल्या आहेत, पेले रिचवताहेत, वर्तमानपत्र वाचताहेत. बाकावर बसलेल्या एका लाजऱ्या पुरुषाला एक बाई लगट करते आणि घोळात घेते. पुढे एक बाप लेकरे घेऊन गुत्त्यात येतो, तर त्याला हाकलून लावतात. शेवटी सगळे पुरुष एकवटतात, गुत्त्यात घुसतात, बायांना बाहेर काढतात आणि स्वतः पेले उंचावतात.

नाव वाचून आणि शेवट बघून कुणालाही वाटेल की हा सिनेमा बायांच्या हक्कांची टिंगल करतो. काहींनी तसे म्हटलेही आहे. माझे मत निराळे आहे. शेवटी थिएटरातला गडी टाळ्या वाजवतो तेव्हा तो कुणाच्या बंडाला टाळ्या वाजवतो? शिवणाऱ्यांच्या, इस्त्री करणाऱ्यांच्या, पोरे सांभाळणाऱ्यांच्या आणि गुत्त्यातून हाकलल्या गेलेल्यांच्या. घरी जाताना त्याच्या शेजारून जी चालत असते तीच ही. ते त्याच्या ध्यानात आले की नाही, हे अलिस गीने त्याच्यावर सोडले आहे.

आणि हा सिनेमा ज्या साली आला त्या साली फ्रान्समधला कायदा काय होता तेही बघा. लग्न झालेल्या बाईला स्वतः मिळवलेली मजुरी स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याचा हक्क नव्हता. तो 1907 साली मिळाला. मताचा हक्क 1944 साली. नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी धरण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क तर 1965 साली. पॅरिसची बाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते, पण बँकेच्या पासबुकाच्या बाबतीत ती परवा-परवापर्यंत आपल्या माय-मावशीइतकीच परावलंबी होती.

शंभर वर्षांनी त्याच देशातल्या एका बाईने तीच युक्ती पुन्हा वापरली. दिग्दर्शिका एलेओनोर पुरिया, साल 2010, लांबी साधारण अकरा मिनिटे, नावाचा अर्थ ‘पिचलेले बहुमत’. 2014 साली इंग्रजी उपशीर्षकांसह तो यूट्यूबवर आला आणि थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी पाहिला. एक बाप लेकराला ढकलगाडीत घालून पाळणाघरात सोडायला निघतो. वाटेत भेटणारी प्रत्येक बाई त्याच्याशी जरा वरून बोलते. छाती उघडी टाकून पळायचा व्यायाम करणारी बाई बिनधास्त जाते, कुणी वळून बघत नाही. रस्त्याच्या कडेची एक भिकारीण घाण बोलते. पुढे बोळात चार-पाच जणी त्याला गाठतात, तो उलट बोलतो, आणि चाकूच्या धाकावर त्याच्यावर अत्याचार होतो. पोलीस ठाण्यात अंमलदार बाई त्याचा जबाब घेते तो अशा थाटात की कुणी साक्षीदार नाही म्हणजे घडलेच कशावरून. बायको येते ती उशिरा, कारण तिची कामाची बैठक होती. आधी जवळ घेते. थोड्याच वेळात बोलून जाते की असली आखूड चड्डी, आखूड बाह्यांचा सदरा, पायात सपाता, असा पोशाख करून हिंडल्यावर दुसरे काय होणार. शेवटी ती एकटी गाडी आणायला अंधारात चालू लागते आणि कानावर पुरुषांचे शेरे येऊ लागतात. उलटे जग तिथल्या तिथे सुलटे होते.

हा सिनेमा काही ठिकाणी मला पटला नाही. पाळणाघरातला मुसलमान पुरुष डोके झाकून घेतो आणि नायक त्याला त्यावरून उपदेश करतो असा एक प्रसंग आहे. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. स्वतःच्या घरातले झाकायला शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचे, ही खोड सगळ्या देशांत सारखीच. आपल्याकडेही बाईच्या हालअपेष्टांचा विषय निघाला की पाटील म्हणतो ते त्या वस्तीत, त्या वस्तीतला म्हणतो ते पलीकडच्या मोहल्ल्यात.

पण पोलीस ठाण्याचा प्रसंग विसरता येत नाही. बायका सगळ्या दुष्ट आहेत असे हा सिनेमा सांगत नाही. ठाण्यातली अंमलदार बाई वाईट स्वभावाची नाही, कंटाळलेली आहे. बायकोही प्रेमळ आहे. खुर्चीच अशी आहे की तिच्यावर जो बसेल त्याला समोरच्याचे दुखणे लहान दिसावे. हे सांगायचे कारण, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास उठून म्हणतो, ‘बायांच्या हाती सत्ता आली तर त्याही तेच करतील.’ करतील ना! सून छळणारी सासू काय आभाळातून पडली? शेतकऱ्याचा पोर बाजार समितीत अडत्या झाला की तोही दुसऱ्या शेतकऱ्याच्या कापसात ओल शोधतो. म्हणून आपण कधी असे म्हटले का, की अडत्याच बरा?

याच दिग्दर्शिकेने 2018 साली हीच कल्पना घेऊन नेटफ्लिक्ससाठी मोठा चित्रपट केला. बायांच्या मागे लागणारा एक बाप्या खांबावर आपटतो आणि शुद्धीवर येतो तो बायांच्या राज्यात. करमणूक बरी आहे. पण अकरा मिनिटांतली धार लांबवली की बोथट होते, तेच झाले आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कुणी म्हणेल, पुरुषाने बाई होऊन दाखवणे आपल्याकडे काय कमी आहे? दंडारीत, खडी गंमतीत नाच्या असतो तो पुरुषच. तमाशातल्या गवळणीतली मावशी पुरुषच. बालगंधर्वांचे शालू नेसणे तर घराघरांत पोचले. कलावंत म्हणून ही माणसे थोर होती यात वाद नाही. पण त्यात कपडे बदलतात, जागा बदलत नाही. मावशीला हसायचे ते बाप्या बाईसारखा चालतो म्हणून. त्या हसण्याचा शेवटी रोख बाईवरच. अलिस गीच्या सिनेमातले पुरुष पुरुषांच्याच कपड्यांत आहेत, त्यांना दिलेले आहे ते बाईचे काम आणि बाईचा अपमान. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे, कारण मोबाईलवर हल्ली जे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ फिरतात, मिशावाला गडी लुगडे नेसून चुलीपुढे बसला आहे आणि बायको खाटेवर लोळते आहे असले, ते या दुसऱ्या जातीचे नाहीत. ते मावशीचेच नातेवाईक. बघून हसायचे आणि पुढे पाठवायचे.

जागा बदलून पाहण्याचे खरे काम आपल्या वऱ्हाडातल्या एका बाईने सिनेमाचा जन्म व्हायच्या आधी केले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी सबंध स्त्रीजातीला झोडपले, आणि त्यावर संतापून ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापवले. पद्धत सरळ होती. बाईला लावलेला एकेक दोष उचलायचा आणि पुरुषाच्या अंगावर ठेवून बघायचा. बसतो की नाही? जोतीराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत. ताराबाईंचे यजमान घरजावई होते असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. म्हणजे नवऱ्याचे घर सोडून बायकोच्या घरी नांदणे म्हणजे काय, हे त्या घराने आतून पाहिले होते. बुलढाण्याच्या शाळांतून पोरांना हे नाव माहीत नसते, हे आपले दुर्दैव.

जाता जाता आणखी एक. 1905 साली बंगालच्या रुकय्या बेगम यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’ नावाची इंग्रजी गोष्ट लिहिली, मद्रासच्या एका मासिकात ती छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात आणि बाया राज्य चालवतात. कोरडवाहू शेतकऱ्याने ती एका कारणासाठी अवश्य ऐकावी. त्या देशातल्या विदुषींनी मोठा फुगा करून त्याला नळ्या लावल्या आहेत आणि ढगातून हवे तेवढे पाणी उतरवून घेतात. शेत विजेवर नांगरले जाते. पाऊस हातात आला आणि औत विजेवर गेले, मग गडीमाणसाच्या दंडाच्या जोराचे एवढे कौतुक कशाला, असा तो बेगमांचा चिमटा आहे. या गोष्टीवरून 2023 साली स्पेनच्या इसाबेल एर्गेरा यांनी चित्रांचा चलत्पट केला आहे.

आपल्या देशातल्या अलीकडच्या छोट्या सिनेमांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नीरज घेवान यांचा 2017 सालचा ‘ज्यूस’. यात जग उलटे केलेले नाही. मध्यम घर, उकाड्याचे दिवस, नवऱ्याचे मित्र बायकापोरांसह जेवायला आलेले. पुरुष बाहेरच्या खोलीत कूलरपुढे. बाया स्वयंपाकघरात, शेगडीपुढे, घामाने निथळत. बाहेरून फर्मान सुटते, आतून ताट जाते. शेफाली शाह यांनी घरच्या बाईचे काम केले आहे. ती सहन करते, सहन करते, आणि शेवटी फ्रिजमधून रस काढून पेल्यात ओतते, खुर्ची उचलते, पुरुषांच्या खोलीत नेऊन कूलरपुढे ठेवते आणि बसते. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवते. एक शब्द बोलत नाही. संपला सिनेमा.

मे महिन्यात अकोल्याला, यवतमाळला, वर्ध्याला कूलर म्हणजे काय चीज आहे ते मुंबईच्या प्रेक्षकाला कळायचे नाही. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, वीज येऊन-जाऊन, घरात कूलर एकच. तो कुठल्या खोलीत लावला आहे आणि त्याचे तोंड कुणाकडे आहे, एवढे बघितले तरी त्या घरातला कारभार कळतो. सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष 97 मिनिटे, असे निघाले. मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष निघाले शंभरात सव्वीस. 2024 च्या पाहणीनेही हे चित्र फारसे बदललेले दाखवले नाही.

हे सगळे सिनेमे चांगले आहेत. पण त्या सगळ्यांत मला एक उणीव दिसते आणि ती शेतकरी म्हणून दिसते. हे सिनेमे रस्ता उलटा करतात, स्वयंपाकघर उलटे करतात, खुर्ची उलटी करतात. मालकी उलटी करत नाहीत. पुरियाच्या सिनेमातले घर कुणाच्या नावावर आहे हे आपल्याला कळत नाही. ‘ज्यूस’मधली बाई कूलरपुढे बसली ती एका संध्याकाळपुरती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने घराबाहेर काढले तर घर कुणाचे, कूलर कुणाचा? शहरातल्या पगारदाराला हा प्रश्न पहिल्या झटक्याला सुचत नसेल. आपल्याला सुचला पाहिजे, कारण आपले सगळे जगणे एका कागदावर उभे आहे. तो कागद म्हणजे सात-बारा.

कापसाचे उदाहरण घ्या. डवरा आणि फवारणी गड्याकडे. सरकी टोबायची बाईने, निंदायची बाईने, खत घालायचे तिने, आणि वेचणी तर तिचीच. थंडीत पहाटे दवात भिजलेल्या पऱ्हाटीत शिरायचे, ओटी बांधायची, दिवसभर कमरेत वाकून बोंडाच्या टोकांनी बोटे फाडून घ्यायची. ज्वारीचेही तेच, कणसे खुडायला ओळीने बाया. मग माल बाजारात निघतो. गाडीत बसतो कोण? गडी. काट्यावर उभा राहतो कोण? गडी. पट्टी फाडली जाते ती कुणाच्या नावाने? खाते कुणाचे? ‘काय भाव देता’ असे अडत्याला विचारण्याची लाचारी शेतकऱ्याच्या नशिबी आहे म्हणून आपण आंदोलने केली. घरच्या बाईला तर ते विचारण्याचीही सोय नाही. तिच्या वेचणीला घरात भावच नाही. मजुरीने गेली तर गड्याचा भाव वेगळा आणि बाईचा वेगळा. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला तो दिल्लीतच राहिला. उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरा, असे आपण सरकारला बजावतो. ती किंमत हिशेबात धरून भाव वाढवून मिळाला, तर वाढलेल्या पैशातला तिचा वाटा तिच्या हातावर ठेवणार का?

हा प्रश्न शेतकरी चळवळीने आधी उचललेला आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, तेव्हा बाया लाखांनी आल्या होत्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारखी गावे पुढे आली. 1992 साली सरकारनेही परिपत्रक काढले की नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सहधारक म्हणून सात-बाऱ्यावर लावावे. ही लाट पुढे ओसरली, हेही खरेच. 2015-16 च्या कृषिगणनेत देशभरातल्या शेतीखात्यांपैकी बायांच्या नावची सुमारे 14 टक्के. आत्महत्या झालेल्या घरात याची किंमत मोजावी लागते. नवरा गेला, सावकाराचे तगादे आले, बँकेची नोटीस आली ती तिच्या हातात. आणि मदतीसाठी तहसिलात गेली की पहिला प्रश्न, जमीन कुणाच्या नावे? सासऱ्याच्या. ज्या वावरात वीस वर्षे वाकली त्याच्या उताऱ्यावर तिची एक ओळ नाही.

काही भाऊ म्हणतील, घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नका, सरकारविरुद्धची फळी फुटेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण रास्ता रोकोत पुढे बसायला, तुरुंगात जायला बाया चालतात, तेव्हा फळी फुटत नाही. उताऱ्यावर नाव मागितले की फुटते, हे कसे?

म्हणून असा एक सिनेमा आपण आपल्याच शिवारात काढावा असे माझे म्हणणे आहे. खर्च काही नाही. एक मोबाईल, एक वावर, वेचणीचा एक दिवस. चूल आणि लुगडे यांच्यावर दोन मिनिटांहून जास्त घालवू नये, ते बघून लोक हसून मोकळे होतात. पुढची दृश्ये मी मांडून ठेवली आहेत.

एक: गडी ओटी बांधून कापूस वेचतो आहे. बायको बांधावर उभी राहून मोबाईलवर भाव विचारते आहे. संध्याकाळी ती पट्टी घडी करून पोलक्यात ठेवते. गडी विचारतो, ‘किती आले?’ ती म्हणते, ‘तुम्हाला काय करायचंय? मीठ-मिरचीला देते ना.’

दोन: बँक. गडी पीककर्जाला आला आहे. साहेब कागद न बघताच म्हणतो, ‘मालकिणीला घेऊन या.’

तीन: तलाठ्याचे कार्यालय. बाप वारला आहे, वाटणीचा दिवस. बहिणी ऐटीत बसल्या आहेत. त्यांचा एकुलता भाऊ लग्न होऊन बायकोच्या गावी नांदायला गेलेला, त्याला बोलावून आणले आहे. कायद्याने त्याचा बरोबरीचा हिस्सा आहे. आपल्या राज्यात 1994 साली आणि देशात 2005 साली मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला, 2020 साली सुप्रीम कोर्टानेही तो पक्का केला, तसाच. थोरली बहीण गोड बोलते, ‘भाऊ, तुझं चांगलं चाललंय तिकडे. आमच्याशी वाईटपणा घेऊन काय करशील? माहेर तुटेल तुझं.’ हक्कसोडपत्र पुढे सरकते. भाऊ सही करतो. बहिणी त्याला टॉवेल-टोपी देतात, नारळ देतात, पाया पडतात. तो डोळे पुसत एसटीत बसतो. त्या जमिनीची किंमत चाळीस लाख.

चार: त्याच भावाची बायको वारते. तो तहसिलाच्या पायरीवर अर्ज घेऊन बसला आहे. जमीन सासूच्या नावे. सासू म्हणते, ‘तू परक्या घरचा. तुझं इथं काय?’

हा मजकूर दोन-तीन गावांच्या बैठकांत वाचून दाखवला. पहिल्या दृश्याला हसू आले. दुसऱ्यालाही आले. तिसऱ्याला बाया हसल्या आणि बाप्ये जमिनीकडे बघत बसले. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, ‘मला साडीबी नव्हती दिली.’

बँकेचा साहेब, तलाठी, थोरली बहीण, सासू, या सगळ्या पात्रांना माणसे मिळाली आहेत. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या भावाचे काम करायला अजून कुणी गडी तयार झालेला नाही. जिल्हा बैठकीला येताना ज्याची तयारी असेल त्याने नाव द्यावे. टॉवेल-टोपी आमच्याकडून.